शीत कोणत्या भाताचं? औषध महानियंत्रकांना खुलं पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, भारत सरकार,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

महोदय,

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्या तपासून मंजूर करणाऱ्या समितीवर, 'लेपर्सन' आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा समितीवर किमान सात जण लागतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे लागतात, आणि एक जण साधा, वैद्यकाबाहेरचा माणूस लागतो. तो एक जण म्हणजे मी. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. माझ्याशिवाय कोरम होत नाही, म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी सचिवांचा न चुकता फोन येतो, "बाई, उद्या येताय ना?" माझं मत मात्र विचारलं जातं ते सगळ्यांत शेवटी, बिस्किटांची बशी फिरायला लागली की.

हे पत्र लिहायला दोन कारणं घडली. फॅटी लिव्हरवरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीची फाइल आमच्यापुढे आली, हे एक. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे, त्यामुळे कंपनी, औषध, रुग्णालय यांपैकी कशाचंही नाव इथे सापडणार नाही. दुसरं कारण आपल्या कार्यालयाचा ७ ऑगस्ट २०२४ चा आदेश, परदेशात मान्य झालेल्या काही औषधांना इथल्या चाचणीतून सूट देण्याचा, जो मला फार उशिरा वाचायला मिळाला. आणि या दोन्हींच्या मागे माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण फाइल वाचताना पानापानावर तोच दिसत होता.

भाऊ सातारा जिल्ह्यात असतो. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६१ किलो. गळ्यात तुळशीची माळ. दारूचं सोडाच, चातुर्मासात घरात कांदा-लसूणही येत नाही. २०२२ साली त्याचं पोट फुगलं, पायांवर सूज आली, तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पुण्याला पाठवला. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मान वर न करता विचारलं, "किती घेता?" भाऊ म्हणाला, "दोन कप. बिनसाखरेचा." त्याला वाटलं चहाचं विचारताहेत. लिव्हर सिरॉसिसचं, म्हणजे वणांनी लिव्हर कडक होण्याचं, निदान झालं, कारण फॅटी लिव्हर. गावात जे व्हायचं ते झालंच. माळकरी माणसाला दारुड्याचा आजार! माळ घालून गुपचूप पितो, अशी कुजबुज पारावर सुरू झाली. त्याला आजारापेक्षा तीच जास्त लागली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० साली अशाच वीस रुग्णांबद्दल लिहिलं होतं. दारू न पिणारे, पण लिव्हर दारुड्यासारखं. त्यांनी त्या आजाराला 'नॉन-अल्कोहोलिक' असं नाव दिलं. २०२३ साली ते बदललं. नव्या नावात चयापचयाचा उल्लेख आहे, दारूचा नाही. लघुरूप एमएएसएलडी, आणि त्यात सूज धरली तर एमएएसएच. मराठीत त्याला अजून नाव नाही. आमच्याकडे 'लिव्हरला सूज' म्हणतात, 'लिव्हरवर चरबी' म्हणतात, आणि मनातल्या मनात 'घेत असणार' म्हणतात.

लुडविग यांचे बहुतेक रुग्ण बऱ्यापैकी लठ्ठ होते. माझा भाऊ नाही. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.४ भरतो. कोणत्याही तक्त्यात तो 'सडपातळ' या रकान्यात बसतो. इथून माझं म्हणणं सुरू होतं.

पुण्यातच, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या 'सडपातळ' शब्दाची गेली तीस वर्षं उलटतपासणी चालवली आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास त्यांनी केला. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण कमतरता कशात? स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. कातडीखालची चरबी बाळाने जवळपास जपलेली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. डॉक्टरांनी स्वतःलाच पुरावा म्हणून उभं केलं, याचं मला फार कौतुक आहे. असो.

हीच गोष्ट लिव्हरच्या बाबतीत पश्चिम बंगालच्या खेड्यांत दिसली. तिथे १,९११ लोकांची तपासणी झाली, २०१० साली निष्कर्ष छापून आले. ८.७ टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आतच होता. शेतात राबणारी, अंगावर मांस नसलेली माणसं. पुढे २०२२ साली देशभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आला, तो प्रौढांमध्ये ३८.६ टक्के होता आणि मुलांमध्ये ३५.४. केंद्र सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, ते योग्यच झालं.

आता ज्या औषधांचा गाजावाजा चालू आहे, त्यांच्या चाचण्यांत कोण होतं ते बघू. रेस्मेटिरॉम या गोळीला अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. या आजारासाठी तिथे मान्य झालेलं ते पहिलं औषध. तिच्या चाचणीत ९६६ जण होते, सरासरी बीएमआय ३५ च्या पुढे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला याच आजारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तिथेही सरासरी ३५ च्या आसपास. टिरझेपॅटाइड या दुसऱ्या इंजेक्शनची १९० जणांवरची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात बीएमआय २७ ते ५० असणाऱ्यांनाच प्रवेश होता. माझा भाऊ त्या दाराशी गेला असता तर वजनकाट्यानेच त्याला परत पाठवला असता.

मी त्या चाचण्यांना नावं ठेवत नाही. तिथे लठ्ठपणातून हा आजार येतो, त्यांनी त्यांच्या माणसांवर तपासणी केली. प्रश्न आपला आहे. ७ ऑगस्टच्या आदेशात आपण म्हटलंय की अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मान्य झालेल्या औषधांना पाच प्रकारांत भारतातल्या चाचणीतून सूट देता येईल. दुर्मीळ आजार, जनुकीय आणि पेशींचे उपचार, महासाथ, संरक्षण दलाची खास गरज, हे चार प्रकार मला समजतात. पाचवा प्रकार म्हणजे प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय प्रगती असलेली नवी औषधं. ज्या आजाराला कालपर्यंत जगात जवळपास औषधच नव्हतं, तिथे जे येईल ते लक्षणीय प्रगतीच ठरणार. या पाचव्या दारातून फॅटी लिव्हरची औषधं एकापाठोपाठ आत येऊ शकतात, आणि इथल्या माणसांवर ती कशी वागतात हे विकायला लागल्यानंतर कळेल.

यावर आपले अधिकारी काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. इथे पुन्हा चाचणी म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं, आणि तोवर रुग्णांनी वाट बघायची का? वाट बघणारा माझ्या घरातलाच आहे, तेव्हा हा प्रश्न मला हलका वाटत नाही. पण उत्तरादाखल एकच गोष्ट सांगते. वजन उतरवणारी औषधं नुसती चरबी उतरवत नाहीत, त्यांच्याबरोबर स्नायूही जातात. ज्याचं वजन १०० किलो आहे त्याला ते परवडतं. ज्या माणसाकडे मुळातच स्नायू कमी आहेत, ज्याच्या वजनात लपलेली चरबी जास्त आहे, त्याला ते किती परवडेल? सिरॉसिस झालेल्या माणसाचे हातपाय वाळत जातात हे मी घरात बघितलंय, भाऊ आता शर्टाच्या बाह्या दुमडत नाही. तेव्हा 'तिकडे चाललं म्हणजे इकडे चालेल' एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. औषध विकल्यानंतर नजर ठेवण्याची तरतूद नियमांत आहे, पण विकल्यानंतरची नजर म्हणजे काय हे आपण दोघंही जाणतो.

आणि इथे चाचणी होऊ शकत नाही असंही नाही. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या सॅरोग्लिटाझारला आपल्याच कार्यालयाने मार्च २०२० मध्ये या आजारासाठी मान्यता दिली, जगात कोणी दिली नव्हती तेव्हा. म्हणजे बायोप्सीसाठी सुईने लिव्हरचे तुकडे काढणारे हात इथे आहेत, ते वाचणारे डोळे इथे आहेत आणि मोजणारी माणसंही आहेत.

मग अडतं कुठे? माझ्या मते संमतीपत्रात, म्हणजे चाचणीत येणाऱ्या माणसाने वाचून सही करायच्या कागदात.

आमच्यापुढे आलेल्या फाइलमधलं मराठी संमतीपत्र २६ पानांचं होतं. सवयीने मी लाल पेन घेऊन बसले. तिसऱ्या पानावर मला सहभागी माणसाला 'विषय' म्हटलेलं सापडलं. 'विषयाने उपवास करून यावे.' पाचव्या पानावर 'हा अभ्यास यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित आहे.' हे वाक्य मी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. सातवी शिकलेल्या आहेत, पेपर रोज वाचतात. त्या म्हणाल्या, "आंधळ्यांसाठी आहे का हो?" अकराव्या पानावर दुष्परिणामांच्या यादीत 'कंडू' होता. मला मराठीत पदवी आहे म्हणून मला कळलं. कंडू म्हणजे खाज. 'खाज' हा शब्द सभ्य माणसांच्या कागदात बरा दिसत नाही असं भाषांतरकाराला वाटलं असणार. पण अंगाला खाज सुटली की माणूस खाज सुटली म्हणतो, 'मला कंडू झाला' असं सांगायला कोणी डॉक्टरकडे जात नाही. आणि जो सांगणार नाही, त्याची खाज चाचणीच्या आकड्यांत येणार नाही.

खाजेला मी इतकी का धरून बसले? या आजाराच्या औषधांचा इतिहास खाजेने भरलेला आहे म्हणून. ओबेटिकोलिक अॅसिड नावाच्या औषधावर मोठ्या आशा होत्या. २०१९ साली त्याच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले. जास्त मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकी २३ जणांच्या लिव्हरवरचे वण कमी झाले, औषध नसलेल्या गटात १२ जणांचे. पण औषधवाल्या शंभरांतल्या ५१ जणांना खाज सुटली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याला नाही म्हटलं, २०२३ मध्ये पुन्हा नाही म्हटलं. खाज हे त्याचं एकच कारण नव्हतं, पण ती माणसांनी सांगितली, मोजली गेली, म्हणून त्या हिशेबात धरता आली.

भाषांतर वाईट का होतं, याचं कारण मला समितीत बसून चार वर्षांनी कळलं आणि ते आपल्याला सांगणं हे या पत्राचं निम्मं काम आहे. मराठी प्रत बरोबर आहे का हे तपासायला कंपन्या ती दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात. ते उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी जुळलं की प्रमाणपत्र मिळतं, शिक्का बसतो, आणि आमच्यापुढे शिक्का येतो. आता विचार करा, उलटं केल्यावर हुबेहूब जुळेल असं मराठी कोणतं? शब्दाला शब्द ठेवलेलं. 'दुहेरी-अंध'चं उलटं बरोबर तेच येतं, शंभर टक्के गुण. एखाद्याने खरंखुरं, बोलतो तसं मराठी लिहिलं, तर ते उलटं करताना इंग्रजी वेगळं येतं आणि तो नापास होतो. माझ्या वर्गात जो निबंध मी पहिला काढला असता तो इथे नापास होतो, आणि ज्याला मी कोपऱ्यात उभं केलं असतं तो पहिला येतो.

मी त्या पाचव्या पानाऐवजी एक पान लिहून दिलं. ते माझं आहे, गोपनीय नाही, म्हणून इथे देते:

"तुमच्या लिव्हरमध्ये चरबी साठली आहे आणि त्यामुळे तिथे सूज आहे. आज तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. पुढे होईलच असं नाही, पण काही जणांना होतो. आम्ही एक नवीन औषध तपासून बघत आहोत. त्याचा उपयोग होतो की नाही हे आम्हाला माहीत नाही, माहीत असतं तर तपासलं नसतं. तुम्हाला ते औषध मिळेल की तशीच दिसणारी नुसती गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही. सुरुवातीला एकदा आणि सुमारे दीड वर्षाने पुन्हा एकदा, उजव्या बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा शेवईएवढा तुकडा काढू. जागा बधिर करू, तरी नंतर दुखेल. क्वचित आत रक्तस्राव होतो. फार क्वचित, हजारो जणांत एखाद्याच्या, जिवावरही बेततं. नाही म्हणायचं असेल तर म्हणा. तुमचे इथले नेहमीचे उपचार चालू राहतील, आणि डॉक्टर रागावणार नाहीत."

कंपनीच्या प्रतिनिधींनी नम्रपणे सांगितलं की शेवटचे चार शब्द मूळ प्रतीत नाहीत. नसतीलच. मूळ प्रत जिथे लिहिली गेली तिथे माणूस डॉक्टरांच्या रागाला भीत नसेल. आमच्याकडे ज्याला लिव्हरचा कागद हातात मिळतो तो वाचतच नाही, "तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर" म्हणून सही करतो. बाई असेल तर आधी नवऱ्याकडे बघते, मग सही करते. त्यात फायब्रोस्कॅन, म्हणजे सुई न घालता लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, फुकट, रक्ताच्या तपासण्या फुकट, एसटीचं भाडं मिळणार. ज्याला एरवी या तपासण्या परवडत नाहीत, त्याच्यासाठी 'ऐच्छिक' या शब्दाला किती वजन उरतं?

बायोप्सीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या आजाराच्या चाचण्या सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत. शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते कारण भात पातेल्यात सगळीकडे सारखा शिजतो. लिव्हर तसं शिजत नाही. एका कोपऱ्यात वण पडलेले असतात, दुसऱ्या कोपऱ्यात नसतात. सुईने काढलेला तुकडा अख्ख्या लिव्हरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा. शिवाय तोच तुकडा दोन तज्ज्ञांनी वेगवेगळा पाहिला तर एकमत होईलच याची खात्री नाही. त्यामुळे पहिल्या वेळी सुई वाईट जागी शिरली आणि दुसऱ्या वेळी बऱ्या जागी, तर कागदावर माणूस सुधारला.

म्हणूनच नुसत्या गोळीच्या गटाकडे डोळे लावून बघावं लागतं. रेस्मेटिरॉमच्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांपैकी २६ ते ३० जणांची सूज गेली, नुसत्या गोळीवरच्या सुमारे १० जणांची. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषधावर ६३ जणांची गेली, आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्या ३४ जणांचीही गेली. एकीकडे दहा, दुसरीकडे चौतीस, आणि दोन्हीकडे औषधाचा कणही पोटात नाही! चाचणीत आल्यावर लोक जेवणाखाणाकडे लक्ष देतात हे एक, मोजण्याच्या पद्धतीत फरक हे दुसरं, सुईचं नशीब हे तिसरं. मला हे कळायला चार बैठका लागल्या, पण कळलं. मग ते चाचणीत येणाऱ्या माणसाला का सांगू नये? 'मागच्या चाचणीत औषध न घेताही दर दहांतले तीन जण सुधारले' हे वाक्य कोणाच्या समजण्यापलीकडचं नाही. ते कंपनीच्या सोयीचं नाही, एवढंच.

'इतर पर्याय' या मथळ्याखाली आमच्या फाइलमध्ये दीड ओळ होती, 'आहार व व्यायाम'. बस. क्यूबातल्या २९३ रुग्णांचा एक अभ्यास २०१५ साली आला आहे. त्यांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवलं, औषध नाही. ज्यांचं वजन दहा टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे वणही मागे हटले. पण दहा टक्के वजन उतरवणं जमलं फक्त दहांतल्या एकाला. ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगायला हवीत. पहिलं नुसतं सांगितलं तर रुग्णाला दोष दिल्यासारखं होतं, आणि दुसरं नुसतं सांगितलं तर गोळी विकल्यासारखं होतं. हाँगकाँगमध्ये असंही दिसलंय की लठ्ठ नसलेल्यांत वजन तीन ते पाच टक्के उतरलं तरी निम्म्या लोकांच्या लिव्हरमधली चरबी जाते. ६१ किलोच्या माणसासाठी ते दोन-तीन किलो झाले. माझ्या भावाला हे पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर, हा विचार मी करत नाही असं नाही.

चाचणी संपल्यावर काय, हा प्रश्न मी बैठकीत विचारला तेव्हा सगळे कागद चाळायला लागले. इंजेक्शनांचं तर माहीतच आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत येतं, हे मोजलं गेलंय. २०१९ च्या नियमांत चाचणीनंतरही औषध मोफत देण्याची वाट आहे, पण तिला अटी आहेत. डॉक्टरांनी शिफारस करायची, समितीने मान्यता द्यायची, आणि दुसरा उपचार उपलब्ध नसला पाहिजे. दुसरा उपचार 'उपलब्ध' आहे हे कोणाच्या खिशाकडे बघून ठरवायचं, ते नियमात लिहिलेलं नाही.

नुकसानभरपाईबद्दल मात्र आपल्याला श्रेय दिलंच पाहिजे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर का होईना, गणिताचं सूत्र ठरलं. आधार आठ लाखांचा, वय जितकं कमी आणि माणूस आधी जितका धडधाकट, तितकी रक्कम जास्त. फॅटी लिव्हरचा माणूस चाचणीत येतो तेव्हा तो धावतापळता असतो, म्हणजे त्याचा हिशेब वरच्या टोकाचा. संमतीपत्रात फक्त 'नियमानुसार भरपाई देण्यात येईल' असं असतं. आकडा उदाहरणासह छापायला सांगा. आकडा दिसला की माणसाला जोखीम दिसते.

मला काय हवंय ते आता सरळ सांगते. फॅटी लिव्हरच्या औषधांना त्या पाचव्या प्रकारातून सूट देऊ नका. इथे चाचणी घ्या, आणि तिच्यात २५ च्या खालच्या बीएमआयची माणसं ठरावीक प्रमाणात असलीच पाहिजेत अशी अट घाला. वजनाबरोबर त्यांचे स्नायूही मोजायला लावा. संमतीपत्राची परीक्षा उलट भाषांतराने घेणं बंद करा. त्याऐवजी चाचणीशी काही संबंध नसलेल्या, त्याच जिल्ह्यातल्या दहा माणसांना ते वाचून दाखवा आणि त्यांनी त्यांच्या शब्दांत काय सांगितलं ते लिहून समितीपुढे ठेवा. संमतीचं चित्रीकरण नियमात फक्त दुर्बल गटांसाठी सक्तीचं आहे. ज्या आजारात बरं वाटत असलेल्या माणसाच्या पोटात दोनदा सुई घालायची, तिथे ते सगळ्यांचं करा. आणि चाचणी संपली की तिचं काय झालं हे सहभागी माणसाला मराठीत पत्राने कळवा. क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, पण ती आहे इंग्रजीत, आणि सातारा जिल्ह्यातला माणूस ती उघडून बघणार नाही. त्याने लिव्हरचे दोन तुकडे दिलेले असतात, त्याला निदान एक पत्र यावं.

माझ्या भावाला यातलं काहीच लागू होणार नाही. आधी तो बारीक म्हणून चाचणीत बसला नसता, आणि आता पोटात पाणी होऊन गेलंय म्हणून बसत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला पुण्यात येतो, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी होते, माझ्याकडे मुक्काम करतो. मागच्या खेपेला मी लाल पेनाने कागद तपासत बसले होते तेव्हा त्याने विचारलं, "ताई, हे कोणाचे पेपर?" मी म्हटलं, "कंपनीचे." तो म्हणाला, "मग कडक तपास."

आपली,
पुण्यातल्या एका नैतिकता समितीची सामान्य सदस्य

ता. क. 'कंडू' त्या संमतीपत्रातून निघाला. 'विषय'ही निघाला. सुधारलेली प्रत पुन्हा उलट भाषांतराला गेली होती, ती परत आली आहे. 'नुसती गोळी'चं इंग्रजी 'ओन्ली टॅब्लेट' झालंय, म्हणून तिथे 'मूळ प्रतीशी जुळत नाही' असा शेरा आहे. शनिवारी बैठक आहे, मी जाणार आहे.